ताईसोबत समुद्राकाठी

आधी खरं ते सांगून टाकते. त्या सहा दिवसांतले पहिले दोन दिवस फार सुखाचे गेले. पुढं जे कळलं त्यामुळं ते सुख खोटं होतं असं म्हणता आलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण तसं म्हणता येत नाही.

मी गडचिरोली जिल्ह्यात एकतीस वर्षं आरोग्यसेविका होते. लोकांच्या भाषेत नर्सबाई. ताई माझी नात्यातली कोणी नाही. वडश्याजवळच्या एका आरोग्य केंद्रात आम्ही दोघी एका टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायला लागले. ती मला बाईच म्हणायची, गावातले लोक म्हणायचे तसं. तिचा नवरा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात होता, रविवारी यायचा. ती केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायची. माझं सासर नदीच्या अलीकडे, ब्रह्मपुरीला. मी रोज एसटीनं जायचे-यायचे. डबा आम्ही एकत्रच खायचो. लसीच्या दिवशी एकीच्या हातात पेटी, दुसरीच्या हातात रजिस्टर, असं धानाच्या बांध्यांवरून गावोगाव फिरायचो.

मी रिटायर झाले त्याच महिन्यात ताईच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. ती तिथं कंपनीत आहे. "मावशी, तुम्ही दोघींनी जलमभर दुसऱ्यायची बाळंतपणं केली. आता सहा दिवस कोणी तुमचं करू द्या. मी समुद्रावरचं बुकिंग केलं हाये, नाई म्हणाचं नाई." माझे मालक जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी नागपूरला, तिच्या संसारात. मला नाही म्हणायला कारणच सुचलं नाही. आणि समुद्र मी पाहिलेला नव्हता.

नागपूरहून मडगावची गाडी धरली आणि दुसऱ्या दिवशी कुडाळला उतरलो. रिसॉर्टची गाडी आलेली होती. ड्रायव्हर आमच्या पिशव्या घ्यायला लागला तर ताई एक पिशवी सोडेना. तीत जवसाची चटणी, तिखट आणि लाखोळीची डाळ होती.

"अवं, तिथं जेवण भेटते," मी म्हटलं.

"भेटते, पण आपल्या तोंडाले लागलं पाह्यजे ना," ती म्हणाली.

खोली लाल कौलांची, सुटी, एकटी. पुढं पडवी, पडवीत वेताच्या दोन खुर्च्या, मग नारळाची झाडं, मग वाळू आणि मग तो. मी पाहतच राहिले. वैनगंगा पुरात असते तेव्हा पलीकडचा काठ दिसत नाही, एवढंच पाणी मी आयुष्यात पाहिलं होतं. पण पूर उतरेल, काठ दिसेल, हे माहीत असतं. इथं तसं काही नव्हतं. आत पलंगावर टॉवेलची दोन बदकं करून ठेवली होती. ताई म्हणाली, "यानं आंग पुसलं तर बदक मोडून जाईन." आम्ही ती बदकं उचलून टीव्हीच्या फळीवर ठेवली आणि घरून आणलेले पंचे वापरले. दुसऱ्या दिवशी खोली झाडायला आलेल्या बाईला वाटलं आम्हाला टॉवेल आवडले नाहीत, तिनं आणखी दोन बदकं आणून ठेवली.

सवयीनं मी पाचला उठले. करायला काही नव्हतं. बस पकडायची नव्हती, कुकर लावायचा नव्हता, कोणाचा ताप, कोणाची शुगर, काही नव्हतं. मी पडवीतल्या खुर्चीत जाऊन बसले. थोड्या वेळानं एक बाई न सांगता चहा ठेवून गेली. तो चहा मी शेवटच्या घोटापर्यंत गरम प्याले. नोकरीत असं कधी झालं नव्हतं. वाळूत बोटाएवढे खेकडे बिळातून वाळू उकरून बारीक गोळ्या बाहेर टाकत होते. मी तास-दीड तास तेच पाहिलं. उन्हं आली तेव्हा ताई डोळे चोळत बाहेर आली आणि म्हणाली, "काय करून राह्यली?" मी म्हटलं, "काई नाई." ती म्हणाली, "चांगलं हाये. मीई करते." आणि बाजूला येऊन बसली.

नाश्ता साडेदहापर्यंत चालायचा. लोक जेवणाच्या हॉलमध्ये इतके हळू खायचे की पहिल्या दिवशी आम्ही दोघी सगळ्यांच्या आधी उठलो आणि लाजून परत बसलो. दुपारी दोन नारळांच्या मधे बांधलेल्या दोरीच्या झोळीत ताई चढली. चढली ती उतरता येईना. मी तिचे पाय धरून ओढत होते आणि हसू आवरत नव्हतं. शेवटी आम्ही दोघी वाळूत बसलो. स्विमिंग पूलमध्ये उतरायला त्यांचे वेगळे कपडे लागतात म्हणून आम्ही काठावर बसून नुसते पाय सोडले. रोज वेगळी मासोळी. ताई प्रत्येक खायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, "चांगली हाये, पण आपल्या तलावातल्या झिंग्याची सर नाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाळूतून चालता चालता तिनं माझा हात धरला होता. लाटा पायाला लागत होत्या. मी तिला म्हटलं, "ताई, तू नसती तर मी ही नोकरी पुरी केली नसती." तिनं हात सोडला आणि वाकून शिंपला उचलला. तेव्हा मला वाटलं, डोळे भरले म्हणून तोंड लपवत असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोटीतून डॉल्फिन पाहायला जायचं होतं. आम्ही शहाळ्याचं पाणी पिऊन मलई खात बसलो होतो. काउंटरवरची मुलगी दोन कागद घेऊन आली. वर लिहिलं होतं, संमतीपत्र. बोटीत आम्ही आपल्या मर्जीनं जातोय, असं काहीतरी खाली होतं. माझे हात खोबऱ्यानं चिकट झालेले, चष्मा खोलीत.

"आण, मी करते दोघीच्याई," ताई म्हणाली आणि पेन घेतलं.

मला जवळचं दिसत नाही, हातभर लांबचं दिसतं. तिनं कागद मुलीकडे केला तेव्हा मला दिसलं. ती माझी सही होती. पूर्ण नाव, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. अशी सही मी नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत करायचे. नंतर बँकेच्या कामात अडचण येऊ लागली म्हणून मी सही साधी केली. ती जुनी सही मलाही आता तशी येणार नाही.

"अवं, माही सही तुले येते?" मी हसत म्हटलं.

"मस्टरवर इतले वर्षं तुह्या बाजूच्या रकान्यात सही केली ना," ती म्हणाली. "डोळ्यानं शिकली." आणि पेन ठेवून उठली. म्हणाली, टोपी विसरली. पण टोपी तिच्या डोक्यावरच होती. ते तिच्याही लक्षात आलं असावं, ती परत फिरली आणि बोटीकडे चालू लागली.

तेव्हाही माझ्या मनात काही नव्हतं. बोट किनाऱ्यापासून दूर गेली, नावाड्यानं इंजिन बंद केलं, आणि सगळे गप्प बसून पाण्याकडे पाहू लागले. डॉल्फिन आले नाहीत बराच वेळ. त्या शांततेत मला एका माणसाचं खूप वर्षांपूर्वीचं बोलणं ऐकू आलं. "बाई, सही तुमचीच हाये."

आता माझ्या बदलीचं सांगते.

माझी मुलगी चार वर्षांची असताना माझी बदली भामरागडच्या पुढं, नदीपलीकडच्या एका उपकेंद्रात झाली. ब्रह्मपुरीहून तिथं पोचायला तेव्हा दीड-दोन दिवस लागायचे. पावसाळ्यात नदीला पूर आला की बाहेरचं जग बंद. ऑर्डरमध्ये लिहिलं होतं की ही बदली कर्मचाऱ्याच्या संमतीनं आहे. मी तालुक्याच्या ऑफिसात गेले. ताई माझ्यासोबत आली होती. तिथला बाबू म्हणाला, "बाई, तुम्हीच लिहून देलं. सही तुमचीच हाये." मी म्हटलं, कागद दाखवा. तो म्हणाला, कागद गडचिरोलीला गेला, पण मी डोळ्यानं पाहिला. मी त्याला सगळ्या ऑफिससमोर खोटारडा म्हटलं. कोणाकडून तरी काही घेऊन हे केलं असेल असंही म्हटलं. तो काळा पडला. एवढंच म्हणाला, "मी खोटं नाई बोलत, बाई." ताईचा हात तेवढा वेळ माझ्या पाठीवर होता.

नोकरी सोडायचा विचार केला होता. माझ्या बाबांनी चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, त्यानंतर आमच्या घरात शाळेची पायरी चढणारी पहिली मुलगी मी. बाबा म्हणाले, "पोरी, काईई कर, पण हातची नोकरी सोडू नको." मालकही म्हणाले, वर्षभरात परत आणू. ते वर्ष सहा वर्षांचं झालं.

मुलगी सासूबाईंजवळ राहिली. दिवाळीत घरी आले तर ती दाराआडून माझ्याकडे पाहायची. मोठी झाल्यावर ती माझ्याशी चांगलं वागत आली, पण पाहुण्या बाईशी वागावं तसं. ताप आला तर आजीला हाक मारायची. आजी गेली तेव्हा ती इतकी रडली की तिला सुई द्यावी लागली. मी जाईन तेव्हा ती तशी रडेल असं मला वाटत नाही. हे सगळं मी त्या बाबूच्या नावावर टाकलं होतं. एकदा आरमोरीच्या बसमध्ये तो मला पाहून उठला, जागा दिली. मी बसले नाही. आरमोरीपर्यंत उभी राहिले. तो गेला तेव्हा केंद्रातले सगळे मयतीला गेले, मी गेले नाही.

बोटीतले लोक एकदम उभे राहिले. कोणाला तरी डॉल्फिनची पाठ दिसली होती. ताई मला कोपर मारून म्हणाली, "पाह्य, पाह्य." मी पाहिलं. काय पाहिलं ते आठवत नाही.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी विचारलं नाही. घरी असते तर कामात ढकलून दिलं असतं. तिथं ढकलायला काही नव्हतं. चहा आणून देत होते, पलंग नीट करून देत होते, कपडे धुऊन देत होते. खुर्चीत बसलं की तेच. मी स्वतःशी वाद घालत होते. सही येणं म्हणजे केली असं थोडंच आहे? मी ताईवर संशय घेतेय, जिनं माझं गाठोडं बांधून दिलं होतं, जी एसटीच्या खिडकीशी माझ्याहून जास्त रडली होती. मला स्वतःचीच लाज वाटली. त्या लाजेपायी मी तिच्याशी जास्तच गोड बोलत होते. ती मात्र माझ्याकडे पाहत नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही पडवीत बसलो होतो. तिच्या मांडीवर फणसाच्या गऱ्यांची बशी होती. मी विचारलं, "ताई, भामरागडच्या बदलीचा तो कागद तू लिहिला होता का?"

कोणता कागद, असं तिनं विचारलं असतं तर मी कदाचित तिथंच थांबले असते. तिनं विचारलं नाही. बशी खाली ठेवली आणि पदराला बोटं पुसत राहिली.

"तुले कोणी सांगतलं?"

"कोणी नाई. तू काल माही सही केली ना."

"हो," ती म्हणाली. "करून झाल्यावर माह्या ध्यानात आलं."

मग मी म्हटलं, "काऊन केलं, ताई?"

ती समुद्राकडे पाहत सांगू लागली. "तू ट्रेनिंगले गेली होती त्या दिवशी. साहेब म्हणे, तिकडची जागा भराची हाये, दोघीपैकी एकीनं राजीखुशीनं लिहून द्या, नाईतर मी चिठ्ठी टाकतो. मले तेव्हा दिवस गेले होते. दुसरा महिना होता."

मी नर्स. बायकांचे दिवस मोजण्यात माझी सगळी नोकरी गेली. माझी बदली जूनमधली आणि ताईची मुलगी जानेवारीत झाली, हे मला चांगलं माहीत होतं. त्या पोरीच्या बारशाला मी दोन दिवस गाड्या बदलत आले होते. पण तिचे दिवस मी कधी मोजले नव्हते.

"चिठ्ठी टाकू द्याची होती," मी म्हटलं.

"माह्या नावाची निंगाली असती तर?"

"साहेबाले सांगाचं होतं. दिवस गेलेल्या बाईले तिकडं नसतं पाठवलं."

"दोन डाव सांगून झालं होतं ना, बाई. तुलेच माईत हाये. दोन्ही डाव सगळ्याइले सांगतलं अन् दोन्ही डाव खाली झालं. तिसऱ्या डावाले मी नवऱ्यालेई नव्हतं सांगतलं. वाटे, तोंडातून निंगालं का जाते."

दोन्ही वेळा तिचं सगळं मीच केलं होतं. रक्ताचे कपडे मी धुतले होते. तिला पेज भरवली होती.

"मले सांगाचं होतं," मी म्हटलं.

"तुले सांगतलं असतं तर तू गेली असती?"

"गेली असती," मी लगेच म्हटलं.

त्यानंतर मी त्या उत्तराचा पुष्कळ विचार केला आहे. खरंच गेले असते का? चार वर्षांची पोरगी टाकून, दुसरीच्या पोटातल्या पोरासाठी? आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. कदाचित म्हटलं असतं, चिठ्ठी टाकू. कदाचित भांडले असते. पण जे काही केलं असतं ते मी केलं असतं. ताईनं माझ्या नावानं मोठं मन दाखवलं, आणि मला ते माहीतही नव्हतं.

"मंग इतल्या वर्षांत काऊन नाई सांगतलं?"

"पह्यले पह्यले रोज वाटे. मंग तू बारशाले आली, पोरीले मांडीवर घेतलं. तेव्हा सांगता नाई आलं. मंग ती तुले मावशी म्हणाले लागली. मंग तर राह्यलंच."

"त्या बाबूले मी खोटारडा म्हटलं, ताई. तू बाजूले उभी होती."

"हो."

"तुहा हात माह्या पाठीवर होता."

ती रडू लागली. मी उठून तिच्याजवळ गेले नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण गेले नाही. एकतीस वर्षांत माझ्यासमोर कोणी बाई रडली आणि मी हात पुढं केला नाही, असं तेवढं एकदाच झालं. खोलीत पाण्याच्या बाटल्या ठेवायला येणाऱ्या बाईनं, आम्हाला पाहिलं आणि बाटल्या पायरीवरच ठेवून ती परत गेली.

दोन दिवस राहिले होते. परतीची तिकिटं ठरलेली. मी काउंटरवर जाऊन वेगळी खोली मिळेल का विचारलं. मुलगी म्हणाली, काही अडचण आहे का मॅडम, एसी बरोबर नाही का? काय सांगणार? म्हटलं, ताई घोरते. तिनं बाजूची खोली उघडून दिली. त्या खोलीतही पलंगावर बदक होतं. एकच.

लोक म्हणतील, मग तू दोन दिवस उपाशी राहिली असशील, रडत बसली असशील. तसं नाही झालं. मला भूक लागत होती. मी जेवणाच्या हॉलमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर बसून सोलकढी दोन-दोन वाट्या प्याले. सकाळी खेकडे पाहिले. समुद्र पहिल्या दिवशी होता तेवढाच चांगला होता. याचा मला राग येत होता. ज्या पोरीसाठी माझी पोरगी माझ्यापासून गेली त्या पोरीच्या कमाईचा हा चहा, ही खुर्ची, आणि मला ती आवडतेय. मी त्या खुर्चीतून उठून वाळूत जाऊन बसायचे, ऊन लागलं की परत यायचे. जेवणाच्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला ताई एकटी बसलेली असायची. तिनं जवसाच्या चटणीची बाटली वेटरच्या हातानं माझ्या टेबलावर पाठवली. मी ती उघडली नाही. तशीच परतही पाठवली नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी मी वाळूत बसून मुलीला फोन लावला. एवढं सगळं फोनवर सांगायचं मनात नव्हतं. पण तिनं विचारलं, "कशी हायेस, समुद्र पाह्यला का?" आणि मी सांगून बसले. सही, साहेब, चिठ्ठी, सगळं.

तिकडून येणारा टीव्हीचा आवाज बंद झाला. मला वाटलं फोन कटला.

"आई," ती म्हणाली, "आजी तर सांगे, तूच लिहून देलं होतं म्हणून."

"कोण सांगे?"

"आजी. म्हणे, ऑफिसातल्या बाबूनं कागद पाह्यला, तुह्या आईची सही होती. तुह्या आईनं आपल्या मर्जीनं बदली घेतली. मले वाटे तुले तिकडंच बरं वाटते. घरी करमत नाई तुले."

मी म्हटलं, "अन् तू इतली वर्षं मले विचारलं नाई?"

"काय विचाराचं, आई? तू मले काऊन सोडून गेली, हे?"

लाटांचा आवाज तिला ऐकू जात असेल. ती म्हणाली, मी नंतर करते, आणि फोन ठेवला. मी तिथंच बसून राहिले. ताईनं माझी सहा वर्षं घेतली असं मला दोन दिवस वाटत होतं. त्या कागदानं माझ्या घरात काय केलं हे मला आत्ता कळलं, आणि ते ताईलाही माहीत नव्हतं.

परतीच्या गाडीत आमच्या बर्थ समोरासमोर होत्या. "चहा घेते का?" "घेते." एवढं बोलणं झालं. नागपूरला ताईचा नवरा घ्यायला आला होता. तो म्हणाला, "काय बाई, मजा आली ना?" मी हो म्हटलं. तो खूश झाला. त्याच आठवड्यात ताईच्या मुलीचा फोन आला, "मावशी, कसं वाटलं, खरं सांगा." मी म्हटलं, "जागा फार चांगली होती, बेटा." तिला काही माहीत नाही, आणि माझ्या तोंडून कळणार नाही. तिचा काय दोष?

एक दिवस मी वडश्याला गेले. त्या बाबूची बायकोही आता नाही. मुलगा आहे, पन्नाशीचा, बाजाराच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान चालवतो. वडिलांसारखाच दिसतो. मी सांगायचं ठरवून गेले होते. दुकानात तिघं-चौघं उभे होते. माझी पाळी आली तेव्हा त्यानं विचारलं, "काय पाह्यजे, बाई?" मी पर्समधून आधार कार्ड काढलं आणि म्हटलं, "दोन प्रती." त्यानं दिल्या. मी घेऊन बसस्टँडवर आले. पुन्हा जायचं आहे.

मुलगी दिवाळीच्या आधी एकटीच आली. असं ती कधी येत नाही. दोन दिवस राहिली. मी तांदूळ निवडत होते तर सुपाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली आणि विचारलं, "तिथं पह्यल्या दिवशी काय केलं तू?" मी सांगितलं. लसीची पेटी डोक्यावर घेऊन डोंग्यातून नदी ओलांडली. उपकेंद्राच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणाला माहीत नव्हतं. एका माडिया बाईनं मला तिच्या घरी नेलं. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती. तिची लहान मुलगी माझ्या बांगड्यांशी खेळत होती, आणि मला त्या मुलीकडे पाहवत नव्हतं. माझी पोरगी खडे काढता काढता ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, "तू रडली का?" मी म्हटलं, "त्या दिवशी नाई. दुसऱ्या दिवशी." ती म्हणाली, "मीई दुसऱ्या दिवशीच." मग आम्ही तांदूळ निवडले. जाताना ती म्हणाली, मार्चमध्ये तू माझ्याकडे ये, महिनाभर. मी हो म्हटलं आहे. एकदम सगळं भरून येईल असं मी धरून चाललेले नाही.

ताईचा फोन दर रविवारी येतो. पहिले काही मी उचलले नाहीत. आता उचलते. ती बीपीचं सांगते, गुडघ्याचं सांगते, मी कोणती गोळी कधी घ्यायची ते सांगते. मागच्या रविवारी गोळ्यांचं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "बाई, मी येऊ का एक दिवस? डबा घेऊन येते."

मी म्हटलं, "आता नको, ताई."

"बरं," ती म्हणाली. "गुडघ्याले शेक देऊ ना?"

"दे. गरम पाण्याचा. सकाळ-संध्याकाळ."